पावलाची काडी

अप्पांचं पाऊल मोजायला तरवडाची ओली काडी लागणार होती, आणि उजाडल्यापासून त्या काडीचं नाव घरात कुणीच काढत नव्हतं.

विरुपाक्ष अप्पा कोंबडा आरवायच्या सुमाराला गेले. शिवलिंग स्वामींनी येऊन आंघोळ घातली, कपाळावर, दंडांवर विभूतीचे पट्टे ओढले, गळ्यातलं लिंग सोडून डाव्या तळहातावर ठेवलं आणि वसरीतल्या भिंतीशी अप्पांना मांडी घालून बसवलं. मान कलू नये म्हणून पांढरं उपरणं छातीवरून घेऊन मागच्या खुंटीला बांधलं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा मंगळवारच्या बाजाराला माणसं कधी येतात ते बघत बसलाय.

गौराबाई समोरच्या खांबाला टेकून होती. नवरा गेल्यावर बारा वर्षांमागं ती माहेरी आली आणि अप्पांना बारीक अक्षर दिसेनासं झालं तशी त्यांचे डोळे झाली. सोलापूरहून शेंगांच्या रिकाम्या पोत्यांत लपून येणारी, मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, बंदी असलेली वर्तमानपत्रं ती त्यांना दुपारी वाचून दाखवायची. आज वाचायला काही नव्हतं. ती त्यांच्या पावलांकडे बघत होती. उजव्या टाचेला भेग होती, तिच्यात कितीही घासलं तरी न निघणारी काळी रेघ.

बेलपेठ गावात मुसलमान आपलं माणूस मातीत आडवं झोपवत आणि लिंगायत बसवत. खड्डा मात्र दोघांचाही मौलासाबच्या घराण्याच्या हातचा. हे कधीपासून चालत आलं, ते कुणालाच सांगता येत नसे. मेलेल्याच्या टाचेपासून अंगठ्यापर्यंत तरवडाची काडी तोडायची आणि ती मौलाच्या घरी धाडायची. त्या काडीनं नऊ पावलं लांब, पाच पावलं रुंद खणायचं, आत उतरायला तीन पायऱ्या ठेवायच्या आणि भिंतीत माणूस बसेल एवढा कोनाडा कोरायचा. काम झालं की मौला हातपाय धुऊन त्या घराच्या उंबऱ्याशी येई, आणि गेलेल्याचं नाव घेऊन विचारी, “घर झालं. जागं हाव न्हवं?” थोरल्या मुलानं आतून उत्तर द्यायचं, “जागे हैत. येतेत.” मगच विमान उचलायचं. बांबूंनी नि केळीच्या खांबांनी सजवलेल्या त्या पालखीला विमानच म्हणत. काडी एकदा हातात आली की मौलाच्या घराण्यानं ती परत करायची नाही. वैर असो, दुखणं असो, स्वतःच्या घरात सुतक असो.

“काडी कशाला पायजे?” अण्णाराव म्हणाला. थोरला मुलगा. डोक्यावरची टोपी दोन महिन्यांपूर्वीची, नव्या राज्याबरोबर आलेली, पांढरी. “माझं नि अप्पांचं पाऊल एकच हाय. ल्हानपनापासनं त्येंच्याच वहाणा घातल्यात म्या. महांतप्पा, दोन गडी घे, मळ्यात जा. बेलाच्या झाडाबुडी खणा. दिवस मावळायच्या आत झालं पायजे.”

“कोनाडा कोण कोरणार?” शिवलिंग स्वामींनी विचारलं.

“कोरतेत की. माती ती माती. तिला काय मौलाचंच हात कळतेत व्हय?”

नाव शेवटी त्याच्याच तोंडून निघालं. स्वयंपाकघराच्या दारातली प्रेमाबाई, त्याची बायको, एकदम आत सरकली.

“अण्णा,” गौराबाई म्हणाली, “काल सांजच्याला अप्पांनी सांगितलं. माझं घर मौलानंच करायचं म्हणले.”

“कुणाम्होरं?”

“माझ्याम्होरं.”

“तुलाच बरं आयकू येतंय सगळं.”

महांतप्पा धाकटा. दीड वर्ष निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीपलीकडच्या छावणीत राहून दसऱ्याला परत आला होता. तिथून येताना त्यानं ना बंदूक आणली होती ना बढाई. फक्त जेवताना पाठ भिंतीला लावून बसायची सवय आणली होती. तो म्हणाला, “अक्का, मौलाचा पुतण्या रझाकारात हुता. करोडगिरीच्या नाक्यापशी माझ्या संगतीच्या पोराला ज्येनी मारलं, त्यात तो हुता. त्या घरच्या हातनं अप्पाला मातीत बसवायचं?”

“पुतण्या मौलाच्या घरात ऱ्हात नव्हता.”

“आडनाव तर एकच हाय न्हवं?”

यावर तिच्यापाशी उत्तर होतं. पण ते सांगायचं म्हणजे भाद्रपदातली एक दुपार सांगावी लागली असती. ती परसाकडं वळली. गेले दोन महिने ती दुपार तिनं अशीच टाळली होती.

महांतप्पा गडी घेऊन गेला. त्याच्या मागं टिकावांचा आवाज गल्लीतून लांब लांब होत गेला.

*

गौराबाई परसात आली. उकिरड्याच्या कडेला तरवडाला पिवळी फुलं आली होती.

हिंदुस्थानी फौजा नळदुर्गावरून पुढं हैदराबादेकडं गेल्या, त्याच्या तिसऱ्या दिवशीची ती दुपार. गाव आधी भेदरलं, मग नाचलं, आणि मग गावातलीच काही माणसं मशिदीमागच्या गल्लीत शिरली. वर्षानुवर्षं एकाच चावडीवर बसणारी माणसं. कुणी काय काय केलं ते पुढं कुणी कुणाला विचारलं नाही. मौलासाब आपल्या बायकोला, खैरूनबीला घेऊन अप्पांच्या दाराशी आला. खैरूनबीच्या अंगात ताप होता. ती ओट्याच्या कडेला बसली आणि पदर तोंडावर धरून तिनं पाणी मागितलं. गौराबाईनं तांब्या दिला.

“अप्पा हैत का, बाई?” मौलानं विचारलं. “चार दिस तुमच्या कडब्याच्या खोलीत ऱ्हाताव. गाव निवलं की जाताव.”

गौराबाई आत वळली. मधल्या दारात अण्णाराव उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. “झोपलेत म्हणून सांग,” तो कुजबुजला. “घर जाळतील आपलं. सांग जा.”

अप्पा वसरीत बसले होते. पाच हातांवर. त्यांचे डोळे उघडे होते. तिनं त्यांच्याकडं बघितलं. ते ‘थांब’ म्हणतील म्हणून ती एक क्षण थांबली, दुसराही क्षण थांबली. अप्पांनी नजर गुडघ्यावर नेली आणि बारीक खोकले.

ती बाहेर आली. “अप्पा झोपलेत, काका,” ती म्हणाली.

मौलानं मान हलवली. रिकामा तांब्या ओट्यावर नीट उभा ठेवला, बायकोला हाताला धरून उठवलं, आणि दोघं वेशीकडं चालू लागली. ऊन मी म्हणत होतं. मौलाच्या बहिणीचं गाव तिथून तीन कोस.

आणि हेच ते दार होतं. त्याच वर्षीच्या चैत्रात रझाकारांची टोळी गावात आली, तेव्हा मौला सकाळपासून या दाराला पाठ लावून बसला होता. “या घरात मुडदा पडला,” त्यानं टोळीच्या म्होरक्याला सांगितलं होतं, “तर ह्या पंचक्रोशीत तुमच्यातल्या एकाचीबी कबर म्या खणणार न्हाय. कुत्री वढतील.” टोळी हसली, शिव्या देऊन पुढं गेली. अप्पांनी त्या दिवशी मौलाला आपल्या हातानं ताकाचा गडू दिला होता.

भाद्रपदातल्या त्या दिवसानंतर अप्पा दुपारचे कधीच झोपले नाहीत. ताप चढला तरी आडवे होत नसत. ढाळजेत, दाराच्या आतल्या कट्ट्यावर, रस्त्याकडं तोंड करून बसून राहत. “थोडं पडा की,” असं म्हटलं की म्हणत, “नगं. कोण आलं-बिलं तर.”

कुणी आलं नाही. कार्तिकाचा चंद्र दिसला, म्हणजे मोहरमचाही दिसला. दर साली त्या रात्री मशिदीपुढं अलाव्याचा, म्हणजे मोहरमच्या जाळाचा, खड्डा मौला उकरायचा आणि त्यात पहिलं लाकूड अप्पांच्या घरचं पडायचं. औंदा कुणी खड्डा उकरला नाही. अप्पांनी मात्र बलभीम गड्याकडून बाभळीचं एक लाकूड फोडून घेतलं होतं. ते अजून ढाळजेत तसंच उभं होतं, आणि येताजाता सगळे त्याला वळसा घालत होते.

गौराबाईनं काडी तोडली, पानं ओरबाडून काढली आणि ती वसरीत आली. स्वामी ओट्यावर गेले होते. अव्वा, म्हणजे तिची आई नागम्मा, अप्पांच्या उजव्या हाताला बसून होत्या. गौराबाई खाली बसली. तिनं मांडी घातलेल्या पायाखाली हात घालून पाऊल जरा बाहेर घेतलं. ते इतकं गार असेल असं तिला वाटलं नव्हतं. काडीचं एक टोक टाचेला लावलं, दुसरं अंगठ्यापाशी नखानं दाबलं, मोडलं. एवढंसंच होतं. बापाचं पाऊल आपण आयुष्यभर मोठं समजत आलो, असं तिच्या मनात आलं.

“कुठं निगालीस?” अव्वांनी विचारलं.

“बलभीमाकडं.”

अव्वांनी काडीकडं बघितलं. मग नवऱ्याचं पाऊल हातानं परत मांडीखाली सारलं, धोतराची निरी सारखी केली, आणि म्हणाल्या, “मागल्या दारानं जा.”

बलभीम घरचा जुना सालगडी. त्यानं काडी बघितली आणि घोंगडी खांद्यावर टाकली. “घिऊन तर जातू, ताई,” तो म्हणाला. “पर त्येनं यावं का, ह्ये तुमी सांगा. गावात अजून त्येचं तोंड कुणाला बगवत न्हाय. वेशीत कुणी अडवलं मंजी?”

“तू संगं ऱ्हा.”

“म्या ऱ्हातू की. म्या कोण हाय पर?” तो काडी कमरेला खोवत म्हणाला. “आन् ह्यी काडी त्येला न्हाय म्हणू देत न्हाय. ठाव हाय न्हवं?”

ठाऊक होतं. म्हणूनच तर तिनं निरोप न पाठवता काडी पाठवली होती. निरोपाला माणूस नको म्हणू शकतो. आपण त्या माणसाला एकदा दारातून घालवलं आणि आता त्याला नाही म्हणायचीही सोय ठेवली नाही. बलभीम वळणाआड गेल्यावर हे तिला नीट कळलं, आणि तोवर हाक मारायला उशीर झाला होता.

*

दुपार कलायला लागली तसा महांतप्पा परत आला. गुडघ्यापर्यंत काळ्या मातीनं भरलेला, हाताला फोड आलेले. तो ओट्यावर चढलाच नाही.

“अण्णा, कोनाडा ढासळला.”

“परत कोरा.”

“दोनदा कोरला. परतीच्या पावसाची वल हाय अजून. काळी माती लोण्यागत सुटायलीय. आन् खड्डा मोजायला तुमी तुमचं पाऊल दिलं, त्यो लांब झालाय. हिकडची भिंत पोकळ पडली. खाली किती बी जा, मुरूम लागंना.”

“मग फळ्या लावा!”

“अप्पाला फळीत बसवायचं? दुकानातल्या गुळाच्या ढेपीगत?”

स्वामी खाकरले. “मानमोडीच्या साथीत,” ते म्हणाले, “एका दिवसात सात सात जण गेले. माणसाला माणूस शिवत नव्हतं. तेव्हा घाईनं दोघा-तिघांना आडवं ठेवलं, असं माझे वडील सांगायचे. अगदीच इलाज नसला तर...”

“बेड, स्वामी. नगं,” अव्वा म्हणाल्या.

त्यांचा आवाज मोठा नव्हता. पण माहेरची कानडी त्यांच्या तोंडी आली की घरातली माणसं गप्प होत.

“मानमोडीत ह्यांची पैली बायकू गेली. दोन लेकरं गेली. मौला तवा मिसरूड फुटलेला पोरगा. बापाच्या संगं आला, आन् तिघांना बसतं केलं. लेकरं लई ल्हान, त्येंचं कोनाडं त्यानं एकट्यानं कोरलं. ह्यांनीच सांगितलंय मला, लगीन होऊन आले त्या साली. ती बसली, तिची लेकरं बसली. आन् धनी आडवा? न्हाय. म्या ठिवू देणार न्हाय.”

“अव्वा, मग काय करू म्या?” अण्णाराव ओरडला. “सांगा की! शांतता कमिटीत माझं नाव हाय. आज मौलाला वेशीतनं आत घेतला तर उद्या गाव मला इचारल.”

“गाव कायला इचारल?” गौराबाई म्हणाली. “त्येच्या घरात आपल्या शेंगांची पोती हैत, ती काढावी लागतील, म्हणून म्हण.”

प्रेमाबाई दारात आली होती. “वन्सं, आज हे काढायचं व्हय? मढं वसरीत हाय.”

“म्हणूनच काढलंय.”

“कसली पोती?” महांतप्पानं विचारलं.

मग अण्णारावच बोलला, आणि बोलताना तो आपल्या टोपीची कड चाचपत होता. “घर मोकळं पडलं हुतं. कुणीबी घुसलं असतं. म्या कुलूप घातलं, मंजी राखलंच की. पाऊस हुता, माल भिजायला लागला, ठिवला.”

“मोकळं कसं पडलं?” महांतप्पा म्हणाला. “मौला रझाकारांसंगं पळून गेला म्हणून सांगितलं न्हवं तुमी मला?”

गौराबाईनं भावाकडं बघितलं. अण्णाराव जमिनीकडं बघत होता. त्यानं धाकट्याला असं सांगितलं असेल, हे तिला आजवर माहीत नव्हतं. आणि आपण विचारलंही नव्हतं.

“पळाला न्हाय,” अव्वा म्हणाल्या. “ह्या दाराशी आला हुता. तापलेल्या बायकूला घिऊन. आमी त्येला लावून दिलं.”

“आमी मंजी कोण?”

“घर,” अव्वा म्हणाल्या. “चैतात रझाकार आले तवा दिसभर ह्या दाराला पाठ लावून त्यो बसला हुता. आन् भादव्यात आमी त्येला लावून दिलं.”

महांतप्पा ओट्याच्या पायरीवर बसला. हाताचे फोड बघत राहिला. मातीचा एक खपला त्याच्या पोटरीवरून सुटून खाली पडला. “मला कुणी सांगितलं न्हाय,” तो म्हणाला.

“तू इचारलं न्हाइस,” अव्वा म्हणाल्या. “आमाला बरंच वाटलं.”

तो उठला. “बोलवा त्येला, अण्णा. वेशीत म्या उभा ऱ्हातो. बघतो कोण अडवतंय.”

“आता?” अण्णाराव हसल्यासारखा आवाज काढून म्हणाला. “तीन कोस जाणार कवा, येणार कवा?”

“काडी सकाळीच गेलीय,” गौराबाई म्हणाली.

अण्णारावानं तिच्याकडं बघितलं. मारायला धावेल असं तिला वाटलं. लहानपणी तो धावायचा. पण तो खांबापाशी गेला आणि कपाळ खांबाला टेकवून उभा राहिला. त्या टोपीखाली मागचे केस आत्ताच पिकायला लागलेत, ते तिला पहिल्यांदा दिसलं.

तेवढ्यात बलभीम दारात आला. एकटाच. धापा टाकत.

“न्हाय आला?” महांतप्पानं विचारलं.

“आलाय. मळ्यात गेला परभारी. गावातनं आलाच न्हाय, वढ्यावढ्यानं आलो आमी.” बलभीमानं पाण्यासाठी ओंजळ पुढं केली, गटागटा प्यायला, मग म्हणाला, “तुमचा खड्डा बगितला त्यानं. काय बोलला न्हाय. तसाच बुजवाया लावला. उत्तरंच्या बांधाकडं गेला, चार ठिकाणी पहार मारली, आन् म्हनला, हितं. गुडघाभर खाली मुरूम लागला बगा! मानमोडीतली ती लेकरं बी तितंच हैत म्हन, म्हून ठाव त्येला.”

“एकटाच आलाय?” गौराबाईनं विचारलं. “खैरूनबी?”

बलभीमानं ओले हात घोंगडीला पुसले.

“न्हाय ती, ताई. हितनं गेल्यावर आठ दिसांत गेली. ताप उतरलाच न्हाय म्हनला.” तो थोडा थांबला. “म्या काडी दिली तवा त्यानं इचारलं, कुणाची. अप्पांची म्हनलो. काडी हातावर ठिवून बगत बसला. मग उठला, टिकावाला दांडा ठोकला. बहिणीनं लई कालवा केला, जाऊ नगंस म्हून. तर म्हनला, काडी आलीय.”

गौराबाईला ओट्याची ती कड दिसली. नीट उभा ठेवलेला तांब्या दिसला. आपण पाणी दिलं होतं, हे ती दोन महिने स्वतःला सांगत आली होती, रोज, झोपायच्या आधी. आता ते सांगता येणार नव्हतं.

महांतप्पा टिकाव उचलून मळ्याकडं पळत गेला.

*

ऊन पिवळं झालं. विमान तयार झालं. झेंडूच्या माळा, केळीचे खांब, वर पांढरं कापड. अप्पांना भिंतीपासून सोडवून त्यात बसवलं. गल्लीत माणसं जमली होती, आणि त्यांच्यात कुजबुज होती. कुणीतरी मळ्याकडून बघून आलं होतं.

मग कुजबुज थांबली. माणसं दोहीकडं सरकली.

मौलासाब ओढ्यावर हातपाय धुऊन आला होता. दाढी वाढलेली, पांढरी. दोन महिन्यांत तो वाळून निम्मा झाला होता. त्याच्या मागं महांतप्पा होता. त्याच्याइतकाच मातीनं भरलेला. मौला गर्दीकडं बघत नव्हता. तो सरळ आला आणि दाराच्या पायरीखाली, ज्या ठिकाणी त्या दुपारी उभा होता, तिथंच उभा राहिला. ढाळजेतलं बाभळीचं लाकूड त्याला तिथून दिसत असणार.

“इरुपाक्ष अप्पा,” त्यानं हाक दिली. आवाज चिरका, पण कामाचा. “घर झालं. जागं हाव न्हवं?”

सगळे अण्णारावाकडं बघू लागले. अण्णाराव पुढं आला. त्यानं तोंड उघडलं. तीनच शब्द म्हणायचे होते, आणि ते त्यानं या गावात पन्नास वेळा ऐकले होते. ओठ हलले. आवाज आला नाही. त्यानं टोपी काढली, हातात चुरगाळली, परत तोंड उघडलं. स्वामींनी हळूच सुचवलं, “जागे हैत, म्हण.” त्याला तेही म्हणवेना.

मौला वाट बघत उभा होता. घाई नव्हती त्याला. उत्तर आल्याखेरीज त्याला हलता येत नव्हतं, आणि अप्पांनाही.

गौराबाई विमानाच्या पुढं आली. बाईनं उत्तर द्यायची रीत नव्हती. तिनं उंबऱ्यावर पाय दिला नाही, आतच थांबली, त्या दुपारी अप्पांकडं बघत थांबली होती तशी.

“जागे हैत,” ती म्हणाली. “येतेत.”

एवढ्यावर भागलं असतं. माणसांनी विमानाला हातही घातला. पण ती तिथून हलली नाही.

“त्या दिवशी बी जागेच हुते, काका. झोपलेत म्हणून म्या सांगितलं.”

गल्लीत कुणीतरी खाकरलं. मौलानं पहिल्यांदा वर बघितलं. आधी तिच्याकडं, मग तिच्या मागं, झेंडूच्या माळांत बसलेल्या अप्पांकडं. बराच वेळ बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर तिला तो अंगावर घेता आला असता.

“ठाव हाय, बाई,” तो म्हणाला. “खोकला आयकला म्या.”

तिला आणखी काही म्हणायचं होतं. खैरूनबीचं नाव तिच्या तोंडाशी आलं. पण मौलानं मान हलवली, फार नाही, थोडीशीच, ते नाव या दारात नको म्हटल्यासारखी.

“उचला,” तो म्हणाला. “सावल्या लांबल्यात.”

तो वळला आणि चालू लागला. विमानाच्या पुढं चालायचा मान त्याच्या घराण्याचा होता, आणि तो त्यानं आज कुणाला न विचारता घेतला. मागं घंटा वाजवत स्वामी, मग खांदेकरी, मग बायका. अव्वा गौराबाईचा हात धरून चालत होत्या. महांतप्पानं ढाळजेतलं लाकूड उचलून खांद्यावर घेतलं होतं. कशाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मशिदीपुढं आल्यावर त्यानं ते खाली ठेवलं, जिथं दर साली खड्डा असायचा तिथं, सपाट जमिनीवर, आणि परत खांदा द्यायला आला.

मळ्याची वाट मशिदीमागच्या गल्लीतूनच जाई. तिसरं घर मौलाचं. दाराला अण्णारावाच्या दुकानातलं मोठं पितळी कुलूप होतं आणि फटीतून शेंगांची टरफलं बाहेर सांडली होती. वाऱ्यानं ती रस्त्यावर आली होती, आणि माणसांच्या पायांखाली बारीक आवाज करत फुटत होती.

मौला त्या दारावरून गेला. त्यानं मान वळवली नाही.

मान वळवली ती अण्णारावानं.